गिरणीवरच्या खोलीची वही

११ ऑगस्ट २०२४
आज घरी कानबाई (खान्देशातली श्रावणातली देवी) बसली, रात्री जागरण, त्यामुळे झोपायचा प्रश्नच नव्हता. मागच्या ओट्यावर आम्ही सात जण बसलो (कोण कोण ते पुढे लिहितो) आणि ठरलं की ग्रुपवर रॅपचे अर्धवट ऑडिओ टाकायचे आणि खाली "भारी भो" लिहायचं हे आता पुरे, एकत्र मिळून काहीतरी करू. वही मी उघडली कारण मागच्या वर्षीही असंच ठरलं होतं आणि मग "असं ठरलंच नव्हतं" यावर दोन महिने भांडण चाललं.

तारीख लिहिताना क्वार्टरवाला म्हणे अरे आज हिपहॉपचा वाढदिवस. खरंच की. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू, बिल्डिंगच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या पोरीने पार्टी ठेवली, शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपड्यांना पैसे पाहिजे होते म्हणून, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट, गाणी लावायला तिचा भाऊ, तोच पुढे डीजे कूल हर्क. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात गायक गप्प होतो आणि नुसता ड्रम वाजतो तेवढ्यातच लोक जास्त नाचतात, तर दोन टर्नटेबलवर एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. मी एवढं रंगवून सांगितलं आणि ताई काय विचारते, तिकिटाचे पैसे कोणी मोजले?

जळगावचे दोघे (हे नाचणारे, ब्रेकिंगवाले) पॅरिसवर चिडलेले. कालपरवा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच ब्रेकिंग झालं, मुलींमध्ये जपानची आमी जिंकली, मुलांमध्ये कॅनडाचा फिल विझार्ड, आणि सगळ्या दुनियेने शेअर काय केलं तर ऑस्ट्रेलियाच्या बाईंना शून्य मिळालं ते. बाकीचे हसत होते, हे दोघं नाही हसले.

१८ ऑगस्ट
पहिली बैठक, आमच्या गिरणीवरची खोली. अमळनेर सगळ्यांना मधे पडतं, सुरत-भुसावळ लाईनवर एका बाजूने नंदुरबार आणि दुसऱ्या बाजूने जळगाव-भुसावळ, धुळ्याचा येतो गाडीवर. कोण कोण ते लिहून ठेवतो. धुळेकर, मोबाईल रिपेअरिंग, अहिराणी. क्वार्टरवाला, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला, हिंदी मराठी लेवा बोली सगळं एकाच वाक्यात. ताई, यावलकडची, नर्सिंगला आहे, लिहिते सगळ्यात भारी आणि बोलते सगळ्यात कमी. नंदुरबारचा भाऊ मूळ धडगावकडचा, घरी पावरी बोलतात, गावी गेला की रेंजसाठी टेकडीवर चढून व्हॉईस नोट पाठवतो, मागून वाऱ्याचा आवाज फुकट. जळगावचे दोघे. आणि मी, बीट आणि वही.

वर्गणी ५०० प्रमाणे ३५००. माईक (सेकंडहँड कंडेन्सर) आणि केबल मिळून २९००. शिल्लक ६००, बिस्किटाच्या डब्यात.

मी वू-टँग क्लॅन या अमेरिकन रॅप ग्रुपचं सांगितलं. तेही असेच, स्टेटन आयलंडचे, न्यूयॉर्कमध्येच पण बोटीने जायचं, कोणी विचारत नव्हतं त्या बाजूला. नऊ जण. त्यांच्यातल्या म्होरक्याने, रिझाने, बाकीच्यांना सांगितलं की पाच वर्षं माझं ऐका, मी म्हणेन तसं, पुढे तुमचं तुम्ही बघा. १९९२ ला पहिलं गाणं स्वतःच काढलं, १९९३ च्या नोव्हेंबरला अल्बम. आणि कंपनीशी करार असा की ग्रुप आमच्याकडे पण एकेकटा कोणी दुसऱ्या कंपनीकडे गेला तरी चालेल, हे तेव्हा कोणी करत नव्हतं. तर मी म्हटलं मलाही पाच वर्षं द्या.

धुळेकर एवढा हसला की चहा सांडला. पाच वर्षं? तू काय मालक शे का? शेवटी त्यानेच तोड काढली, म्हणे अखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया). आपल्याकडे सालदार अखाजीला ठेवतात आणि अखाजीलाच हिशोब करून मोकळा करतात, तसं तू आमचा सालदार. बीट कोणता, कोणाचा व्हर्स (म्हणजे कडवं) आधी, कधी टाकायचं, अखाजीपर्यंत शब्द तुझा. त्यानंतर गाठोडं उचलायचं.

नाव ठरलं नाही. अकरा नावं निघाली, सगळी पडली.

१ सप्टेंबर
खोलीला चारी बाजूंनी आजीच्या गोधड्या टांगल्या, आवाज मस्त दबतो पण आतलं माणूसही उकडून निघतं. खरी अडचण खालची गिरणी. मोटर चालू झाली की लाईट डिम होते आणि हेडफोनमध्ये घूंऽऽ. त्यावर जमिनीतून येणारी थरथर वेगळीच, माईक स्टँडखाली दोन उशा ठेवल्या तरी येते. क्वार्टरवाल्याला वाटलं पट्ट्याच्या फटफटीचाच बीट करू, युनिक होईल. रेकॉर्ड करून बघितलं, ८७ बीपीएम (मिनिटाला ठोके), दोन मिनिटांनी ९१, मग कोणी दादरचं (ज्वारीचं) पोतं ओतलं तर ८४. नाद सोडला. गिरणी आठला बंद होते, त्यानंतरच रेकॉर्डिंग, शेवटच्या गाडीचं टाईम बघून.

१५ सप्टेंबर
चार व्हर्स झाले आणि चारही मुंबईचे. म्हणजे हिंदी, गल्ली, चाळ, लोकल, समुंदर. यांच्यातल्या एकाने समुद्र बघितलाय, तोही शाळेच्या सहलीत. मी बोललो तर धुळेकर म्हणे हिपहॉप असंच असतं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली तू घरी आईशी भांडतो तेव्हा कोणत्या भाषेत भांडतो?

त्याला पटलं नाही पण दुसरा व्हर्स त्याने तिथल्या तिथे अहिराणीत म्हणून दाखवला, चिडून, आम्हाला वेडावायला. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला टेक तोच. रेकॉर्ड बटण दाबलेलं नव्हतं. चूक माझी.

४ ऑक्टोबर
काल मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ग्रुपवर पेढ्यांचे स्टिकर. धुळेकराने मधेच टाकलं, आणि आपली? मग रात्रभर तेच, अहिराणी भाषा की बोली. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी त्यातच) वेगळी मोजली आहे, १८ लाख ६० हजारांच्या आसपास लोकांनी तशी नोंदवली, बाकीच्यांनी मराठीच सांगितलं असणार कारण घरी काय बोलतो ते सरकारी माणसाला कोण सांगतं. फेब्रुवारीत इथे साहित्य संमेलन झालं तेव्हा मी मंडपात केबल ओढायच्या कामाला होतो, भाषणं सगळी ऐकली, पण मागे केबलवाल्या पोरांचं आपसातलं बोलणं ऐकायला जास्त मजा येत होती. मला विचाराल तर भाषा की बोली हे माईकला कळत नाही. यावर ताईने अंगठा दिला, म्हणजे फार झालं.

कामाचं असं की मुंबईत स्वदेशी म्हणून गट आहे, एकाच ग्रुपमध्ये कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी बंगालीत. त्यांचा गुजरातीत करणारा एमसी तोडफोड २०२२ ला गेला, २४ वर्षांचा होता. प्रत्येकाने आपापल्या घरच्या बोलीत लिहिलं तर ग्रुप फुटत नाही हे त्यांच्याकडून दिसतं. आमचं ठरलं, हिंदीला बंदी नाही पण आधी घरचं.

१३ ऑक्टोबर
आजची नोंद लांब होणार कारण आज कळलं.

आपल्या बोलण्यात ळ नाही. लेव्यात नाही, अहिराणीत नाही, ळ चा य होतो. डोळा डोया, केळी केयी, काळा काया. शाळेत यासाठी मार खाल्लेला आहे. पण यमकाच्या हिशोबाने बघा ना, छापील मराठीत "काळा" आणि "माया" जुळत नाही. घरी जुळतं. काया, माया, छाया, जाया म्हणजे जाळा, सगळे एका ओळीत. शब्दांचं दुकानच दुप्पट झालं. ताईने तिथेच लिहिलं,

बाप माह्या झाला काया
केयीची ना सुटे माया

मोजलं, आठ आणि आठ अक्षरं. बहिणाबाईंच्या ओळी अशाच आठ-आठच्या आहेत, जात्यावर म्हणायच्या चालीच्या. आणि एका बारमध्ये (तालाचं एक आवर्तन) चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग, म्हणजे सोळा घरं. आठ आणि आठ सोळा. एका बारमध्ये ओळीची जोडी फिट्ट. ९० बीपीएमला एक बार पावणेतीन सेकंदालाही थोडा कमीच, तेवढ्यात सोळा अक्षरं, बोलता येतं पण श्वास घ्यायला जागा नाही. ताई चौथ्या बारला निळी पडली.

मग यातूनच ग्रुप कशाला पाहिजे ते समजलं. ताईने शेवटचा शब्द सोडून द्यायचा आणि तो दुसऱ्याने उचलायचा. ती "केयीची ना सुटे" पर्यंत म्हणते, "माया" बाकीचे तिघं म्हणतात, तेवढ्यात ती श्वास घेते. हे काही आमचं डोकं नाही, भजनात टाळकरी हेच करतात आणि रॅपमध्येही जुनंच आहे. धुळेकर म्हणे मग आधी का नही सांगं? अरे मला तरी कुठे माहीत होतं.

धुळेकराच्याही दोन ओळी बसल्या, "तुन्हा गावले ना पानी, मन्हा गावले ना बत्ती". आठ, आठ. या वेळी बटण दाबलेलं होतं.

२७ ऑक्टोबर
इलेक्शन २० नोव्हेंबरला. एका उमेदवाराचा कार्यकर्ता खोलीवर आला, प्रचाराचं रॅप पाहिजे, अहिराणीत, दोन दिवसांत, १० हजार. उमेदवाराचं नाव बारा वेळा आलं पाहिजे. डब्यात ६०० रुपये. मी नाही म्हटलं. धुळेकर म्हणे १० हजारात माईक लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस नवीन येतो, तू नाही कोण म्हणणारा. सालदार, म्हटलं. क्वार्टरवाला न्यूट्रल, म्हणजे त्याच्या बाजूने.

शेवटी तोड वू-टँगवालीच. एकट्याने कर, तुझ्या नावाने कर, ग्रुपचं नाव लावायचं नाही. क्वार्टरवाला म्हणे ग्रुपला नाव आहेच कुठे. बरोबर आहे.

धुळेकराने केलं, ५ हजार आधी घेतले, ५ नंतर.

१० नोव्हेंबर
परत वर्गणी, ३०० प्रमाणे २१००. एक बीट ऑनलाईन लीजवर घेतला, २९ डॉलर, कार्डाच्या चार्जसकट २५००. माझे बीट सगळ्यांना "ठीक" वाटतात म्हणून. शिल्लक २००.

२४ नोव्हेंबर
काल निकाल. उमेदवार पडला, कार्यकर्त्याचा फोन बंद. धुळेकर आला, काही बोलला नाही, कोणी विचारलंही नाही. चहाचे पैसे आज त्याने दिले नाहीत एवढंच.

१५ डिसेंबर
सारंगखेड्याची यात्रा, एकमुखी दत्त आणि घोडेबाजार. नंदुरबारच्या भावाने बोलावलं, व्हिडिओसाठी शॉट मिळतील म्हणून. तापीच्या काठाला घोडेच घोडे, पांढरे, काळे, एकेकाची किंमत ऐकून आमचा डबा आठवला. जळगावच्या दोघांनी पोतं अंथरून हँडस्पिन मारले, गर्दी जमली, म्हटलं आता लावा बीट. मी पार्टी स्पीकर फुल केला आणि पहिला ८०८ चा (ड्रम मशीनचा) बेस पडला तसा शेजारचा घोडा बिथरला. लाथ थेट स्पीकरच्या जाळीवर. घोडेवाल्या बाबांनी जे ऐकवलं त्याच्यात यमकही होतं, पण इथे लिहिता येणार नाही.

स्पीकर दुरुस्ती ११००, डब्यात २००, म्हणून सध्या माझ्या खिशातून. पण ज्याच्यासाठी गेलो ते मिळालं, भाऊ घोड्यांच्या मधून चालत पावरीत म्हणतोय तो शॉट. आम्हाला कोणालाच शब्द कळत नाहीत. सबटायटल टाकायचं का विचारलं तर म्हणे तुमच्या गाण्यांना आमच्याकडे कोण टाकतं?

१२ जानेवारी २०२५
पहिलं गाणं टाकलं ८ ला. चार दिवसांत २१२ व्ह्यू, त्यातले निम्मे आमचेच. आणि आज कॉपीराईट क्लेम. झालं असं की लीज म्हणजे भाड्याने, तोच बीट आणखी पन्नास जणांना भाड्याने दिलेला असतो. त्यातल्या एकाने आपलं गाणं ऑटोमॅटिक ओळखणाऱ्या सिस्टीममध्ये नोंदवलं की तिला तोच बीट ज्याच्या ज्याच्याकडे दिसेल तो चोर. कागद दाखवून भांडता येतं. मी मेल केला, विकणाऱ्याचं उत्तर नाही. २५०० गेले. निर्णय माझा होता, ते लिहून ठेवतो.

१९ जानेवारी
ताईच्या गावी गेलो. तिथे एक बाबा आहेत, तरुणपणी वहीगायनाच्या (आपल्याकडची डफावरची लोकगाणी) पार्टीत डफ वाजवायचे. आम्ही गाणं ऐकवलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले बोल चांगले, पन खाले काय टीनपत्रा वाजून राह्यला? २५०० चा टीनपत्रा.

डफ काढला, चुलीजवळ धरला. थंडीत चामडं सैल पडतं, शेकलं की ताणतं आणि आवाज चढतो. वाजवता वाजवता गार होतो तसा सूर उतरतो. म्हणजे पहिला टेक आणि चौथा टेक एका सुरात नाही, जोडता येत नाहीत. तर दर तीन मिनिटांनी शेकायचा आणि ताबडतोब घ्यायचं, ताईची आई चुलीत काड्या सारतेय, मी फोनवर टायमर लावून बसलोय. बाबांना क्लिक (ताल धरायची टिकटिक) ऐकवायचा प्रयत्न केला, त्यांनी हेडफोन काढून ठेवला. ९० ला सांगितलं होतं, त्यांनी ९२ ला वाजवलं आणि शेवटपर्यंत ९२ च ठेवलं. गिरणीपेक्षा कितीतरी पक्कं.

निघताना विचारलं पैसे किती द्यायचे तर म्हणे नाव लिहा. लिहिलं, गाण्याखाली पहिलं नाव त्यांचं.

२६ जानेवारी
नवीन बीटवर परत टाकलं. पहिल्या दिवशी ९० व्ह्यू.

२३ फेब्रुवारी
कोणीतरी बाई, आमच्या ओळखीची नाही, अंगणात बिबडे थापतेय अशी रील, मागे ताईच्या दोन ओळी. बस एवढंच. मग दुसरीने केली, मग पापडवाल्या, मग केळीच्या बागेतला एक पोरगा, बापाचा फोटो लावून. गाणं तीन आठवड्यांत ६० हजारांवर गेलं. धुळ्यात हळदीच्या डीजेला वाजलं म्हणे, डफ एवढा फुगवून की ताईचा आवाजच ऐकू येत नव्हता.

इथून खरं कठीण. सगळीकडे ताईचेच सोळा अक्षर फिरतात, बाकी तिघांचे व्हर्स कोणी ऐकत नाही. क्वार्टरवाला दोन बैठकींना आला नाही, ड्युटी म्हणे. मी पुढच्या गाण्यात ताईला शेवटी ठेवलं, मुद्दाम, बाकीच्यांना बरं वाटावं म्हणून. ताईने यादी बघितली आणि विचारलं, हे गाण्यासाठी का यांच्यासाठी? मी म्हटलं यांच्यासाठी. ठीक आहे, म्हणाली, फक्त विचारलं.

१६ मार्च
पहिला पैशाचा शो, एका कॉलेजचं गॅदरिंग. कबूल १० हजार. एक माईक चालू, दोन बंद, तर तिघं एका माईकवर, पण ती "माया" उचलायची सवय असल्यामुळे जमलं, एकाने ओळ म्हणायची आणि माईक पुढे सरकवायचा. पाचशे पोरं "माया" म्हणाली. नंदुरबारच्या भावाचा पावरी व्हर्स सुरू झाला तशी मागच्या रांगेतून शिट्टी आली, म्हटलं आता हूटिंग होणार, तर ती तिकडची हॉस्टेलची पोरं होती, बाकावर उभी राहिली. भाऊ शब्द विसरला. परत पहिल्यापासून म्हटलं.

पैसे ६ हजार दिले, बाकीचे "मंजूर झाले की". जाणं-येणं आणि शेवभाजी मिळून २३६०. स्पीकरचे माझे ११०० घेतले. शिल्लक २७४०.

पोस्टरवर नाव पाहिजे होतं, आम्ही म्हटलं अजून नाही, तर त्यांनी छापलं "खान्देशी रॅप पार्टी". एवढ्या अकरा नावांपेक्षा हे बरं वाटलं, पण कोणी कबूल करत नाही.

१३ एप्रिल
ऊन एवढं की खोलीत लॅपटॉप बंद पडतो, रात्री अकरानंतर काम. धुळेकराला पुण्याहून बोलावणं आलंय, एकट्याला, तीन गाणी. कागद ताईने वाचला, मोठ्याने, मधे थांबून थांबून. एका कलमात होतं की दोन वर्षं दुसऱ्या कोणाबरोबर आवाज द्यायचा नाही. धुळेकर म्हणे म्हणजे तुमच्याबरोबर पन नही? ताई म्हणाली कानबाईची गाणी घरी म्हटली तरी चालणार नाही बहुतेक. तो कलम काढा म्हणून त्याने मेल केला. काढलं तर जाणार आहे, आणि जावंच.

३० एप्रिल
अखाजी. गल्लीत झोके बांधलेत, पोरींची गौराईची गाणी सकाळपासून. सगळे आले, क्वार्टरवालाही. कलम काढलं त्यांनी, धुळेकर पाच तारखेला निघतो. सालदारकी संपली. मी बीट करणार, पण शब्द माझा नाही, प्रत्येक गाण्याला वेगळा माणूस ठरवेल. वही कोणाकडे यावर दोन मिनिटंही गेली नाहीत. डबा आणि वही दिली.

३० एप्रिल, रात्री
आजपासून मी लिहिते. मागचं सगळं तपासलं. वहीत शिल्लक २७४०, डब्यात २५६०. १८० चा चहा कुठेच लिहिलेला नाही. दादा, तुमच्याकडून घ्यायचे आहेत.